सात सह्यांपासून एका सहीपर्यंत

१८६४ च्या उन्हाळ्यात मुंबईत पैसा ठेवायला जागा उरली नव्हती. अमेरिकेत यादवी पेटलेली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि गुजरात, खानदेश, वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. आलेल्या पैशाचे काय करायचे याची उत्तरे रोज नव्या नावाने छापून निघत होती. बँका निघाल्या, फायनान्शियल असोसिएशनी निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. याच हवेत मुंबईच्या काही व्यापाऱ्यांनी आणखी एक बँक काढायचे ठरवले. नाव ‘बँक ऑफ चायना’. चीनच्या बंदरांतल्या व्यापाराला तिने पैसा पुरवायचा होता. भांडवल मात्र बहुतेक मुंबईचे. ज्या बंदरांत हा व्यापार प्रत्यक्ष चालायचा, त्यांच्या वाट्याला तीस हजारांपैकी अवघे पाच हजार शेअर ठेवले होते.

ही खबर हाँगकाँगला पोचली आणि तिथल्या पेढ्यांना ती झोंबली. पी अँड ओ या आगबोट कंपनीचा हाँगकाँगमधला प्रमुख थॉमस सदरलंड हा तेव्हा जेमतेम तिशीचा होता, मूळचा स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा. बोटीवरच्या प्रवासात त्याने ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात स्कॉटिश बँकांबद्दल वाचले होते आणि तशी बँक चीनच्या किनाऱ्यावर का नसावी, हा विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. मुंबईकरांचा बेत कानावर येताच त्याने बँकेचे माहितीपत्रक लिहून काढले आणि गावातल्या बड्या पेढ्यांपुढे फिरवले. ऑगस्टमध्ये पंधरा जणांची हंगामी समिती बसली. तीत इंग्रज होते, अमेरिकन होते, जर्मन होते, बगदादहून मुंबईमार्गे आलेल्या ससून घराण्याचे आर्थर ससून होते आणि पालनजी फ्रामजी, रुस्तमजी धनजीशा हे दोन पारशीही होते. मुंबईच्या बँकेचा माणूस शेअर विकायला येऊन थडकला तोवर गिऱ्हाईक संपले होते. ३ मार्च १८६५ रोजी क्वीन्स रोडवरच्या वॉर्डली हाउसमध्ये ‘हाँगकाँग अँड शांघाय बँकिंग कंपनी लिमिटेड’ उघडली. भांडवल पन्नास लाख डॉलर, अडीचशे डॉलरचा एक असे वीस हजार शेअर.

या नावातला शेवटचा शब्द हाच या गोष्टीचा गाभा आहे. ‘लिमिटेड’ लिहायचे तर ते मान्य करणारा कायदा हवा, आणि कायद्यापाठोपाठ नोंद करणारी कचेरी. १८६४ मध्ये मुंबईत हे दोन्ही होते. हिंदुस्थानात १८५० साली कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा झाला, १८५७ मध्ये मर्यादित दायित्व आले आणि १८६० मध्ये ते बँकांनाही मिळाले. म्हणजे बँक बुडाली तर भागधारकाचे जेवढे भरले तेवढेच जाणार, राहते घर आणि बायकोचे दागिने जाणार नाहीत. हाँगकाँग ब्रिटिशांच्या हातात आल्याला वीस वर्षे उलटून गेली होती, तरी तिथे असा कायदा नव्हता. कायदा आला १८६५ साली. त्या वर्षाचा तो पहिलाच ऑर्डिनन्स, म्हणजे वसाहतीचा कायदा, आणि त्याचा साचा इंग्लंडच्या १८६२ च्या कायद्याचा. मुंबईची स्पर्धा उभी राहिली आणि हाँगकाँगची नोंदवही उघडली, या दोन गोष्टी इतक्या लागोपाठच्या आहेत की त्यांच्याकडे वेगवेगळे पाहताच येत नाही.

तोवर हाँगकाँगमध्ये बँका नव्हत्या असे मात्र नाही. तिथे शाखा उघडणारी पहिली बँक मुंबईचीच लेक होती. १८४२ साली मुंबईत ‘बँक ऑफ वेस्टर्न इंडिया’ निघाली, तीच पुढे ओरिएंटल बँक झाली आणि १८४५ मध्ये हाँगकाँगला पोचली. १८५३ साली मुंबईत जन्मलेली मर्कंटाइल बँकही त्याच वाटेने गेली. या वाटेवरून काय जात होते, तेही स्पष्ट सांगायला हवे. चीनचा चहा आणि रेशीम परतीच्या बोटीत यायचे आणि जाताना बोटीत कापसाबरोबर अफू असायची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून सुटे. हाँगकाँगच्या क्वीन्स रोडवरच्या आणि मुंबईच्या फोर्टातल्या अनेक घरांचे पाये या पैशाने भरलेले आहेत. नोंदवहीत कंपनीचे नाव, पत्ता, भांडवल लिहावे लागे. माल कोणता, हे त्या काळी कोणी विचारत नसे.

मुंबईचे पुढे काय झाले ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायदे पुरे करायचा दिवस उगवला तेव्हा देणारे कोणी नव्हते. प्रेमचंद रायचंद बुडाले, डॉ. भाऊ दाजींसारख्यांनाही झळ बसली आणि बँक ऑफ बॉम्बेचा शेवट १८६८ मध्ये झाला. हे सारे तरुणपणी पाहिलेल्या दिनशा वाच्छांनी १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बँक ऑफ चायनाचा बेत हवेतच विरला.

हाँगकाँगलाही तडाखा बसलाच. १० मे १८६६ रोजी लंडनमध्ये ओव्हरेंड गर्नी ही पेढी बसली, तिच्यामागोमाग आग्रा अँड मास्टरमन्स बँकेची दारे लागली आणि १८६७ मध्ये खुद्द हाँगकाँगची डेंट अँड कंपनी गेली. ज्या फ्रान्सिस चोम्लीने नव्या बँकेचे पहिले अध्यक्षपद सांभाळले, त्याचीच ही पेढी. डेंट ही जुन्या पद्धतीची भागीदारी होती. बँक मात्र तरली. तिला १८६६ मध्ये स्वतंत्र ऑर्डिनन्स मिळाला होता आणि मुख्य कचेरी लंडनला न हलवता हाँगकाँगमध्येच ठेवायची सूटही मिळाली होती. भागीदार बुडाला तरी कंपनी जगू शकते, हे त्या गावाने ऐन पडझडीत डोळ्यांनी पाहिले. १८६९ मध्ये हीच बँक मुंबईत आली. १९५९ मध्ये तिने मर्कंटाइल बँक विकत घेतली आणि मुंबईत जन्मलेली एक जुनी बँक हाँगकाँगच्या पदरात गेली.

आता कंपनी नोंदवायची म्हणजे काय करायचे, ते पाहू. १८६५ च्या कायद्याने सात माणसे मागितली. सातांनी घटनापत्रकावर सह्या करायच्या, प्रत्येकाने निदान एक शेअर घ्यायचा, कंपनीचे नाव, हेतू, भांडवल आणि नोंदणीकृत कचेरीचा पत्ता द्यायचा. मग प्रमाणपत्र मिळे आणि त्या तारखेपासून एक नवी व्यक्ती अस्तित्वात येई. तिला हात नाहीत, पाय नाहीत, पण ती जमीन घेऊ शकते, कर्ज काढू शकते, दावा लावू शकते. तिचे कागद कोणालाही थोडे शुल्क भरून पाहता येत. हे शेवटचे कलम साधे वाटते, पण मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. मुंबईचा दलाल, शांघायचा रेशीमवाला आणि लंडनचा विमेकरी यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नसे. जातपात, गोत, गावची ओळख यांतले काहीच सामाईक नव्हते. त्यांच्यात सामाईक होते ते हे उघडे पुस्तक.

सातच का? सात माणसे म्हणजे खरोखरीचा समूह, अशी समजूत असावी. ती फार काळ टिकली नाही. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये अ‍ॅरन सालोमन नावाचा बुटांचा कारखानदार होता. त्याने आपला चालता धंदा कंपनीत घातला आणि सात नावे घरातच भरली: तो स्वतः, बायको आणि पाच मुले. घरच्यांकडे प्रत्येकी एकेक शेअर, बाकी सगळे त्याचे. कंपनी बुडाली तेव्हा धनको म्हणाले, ही कंपनी कसली, हा तर सालोमनच आहे. खालच्या कोर्टांना ते पटले. १८९६ च्या नोव्हेंबरात लॉर्ड्स सभागृहाने उलट निकाल दिला. कायद्याने मागितलेले सात आहेत, नोंद झाली आहे, तेव्हा कंपनी वेगळी आणि सालोमन वेगळा. हाँगकाँग, मुंबई, सिंगापूर, जिथे जिथे इंग्रजी कायदा चाले तिथे हा निकाल लागू झाला आणि आजही वकिलीच्या पहिल्या वर्षात तो शिकवला जातो.

मराठीत ‘कंपनी’ हा शब्द आधी सरकार म्हणून आला. पेशवाई बुडवणारे ते ‘कंपनी सरकार’. धंद्याला आपण ‘आणि मंडळी’ म्हणत होतो. नाटकवाल्यांचीही मंडळीच होती, आणि ‘नाटक कंपनी’ हे रूप मागाहून रुळले. चिनी भाषेतही असाच प्रवास दिसतो. कँटनी उच्चाराने ‘कुंग-सी’ हा शब्द समाईक कारभार सांगतो. आग्नेय आशियात खाणींवर आणि मळ्यांवर गेलेले दक्षिण चीनचे लोक आपल्या गाववाल्यांच्या बिरादरीला तोच शब्द वापरत, आणि कँटनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीलाही त्याच शब्दाने ओळखत. हाँगकाँगच्या प्रत्येक लिमिटेड कंपनीच्या चिनी नावाच्या शेवटी आजही ‘यौ-हान कुंग-सी’, म्हणजे मर्यादित कंपनी, असे लिहिलेले असते.

या शब्दाला तिथे आणखी एक अर्थ चिकटला, त्यामागे एका दुकानाची गोष्ट आहे. मा यिंग-पिऊ नावाचा गृहस्थ ऑस्ट्रेलियात सिडनीला फळांच्या व्यापारात होता. परत येऊन त्याने बारा भागीदारांकडून पंचवीस हजार डॉलर जमवले आणि ८ जानेवारी १९०० रोजी क्वीन्स रोडवर ‘सिन्सिअर’ नावाचे दुकान उघडले. प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत, घासाघीस बंद, आणि गल्ल्यापलीकडे बायका. बाई दुकानात उभी राहून माल विकते, हे हाँगकाँगच्या चिनी लोकांनी पाहिले नव्हते. कोणी तयार होईना, तेव्हा माची स्वतःची बायको उभी राहिली. १९०७ मध्ये त्याच ऑस्ट्रेलियाहून आलेल्या क्वोक बंधूंनी ‘विंग ऑन’ काढले. नातलग आणि गाववाले यांच्या भागीदारीपासून सुरू झालेली ही दोन्ही दुकाने पुढे लिमिटेड कंपन्या झाली आणि सिडनीपासूनच्या गाववाल्यांनी त्यांचे शेअर घेतले. ‘कुंग-सी’ म्हणजे मोठे दुकान असा अर्थ रूढ झाला. कँटनी बोलणारा आजही ‘हांग कुंग-सी’ म्हणतो तेव्हा तो दुकानांतून फेरफटका मारायला निघालेला असतो.

चिनी व्यापाऱ्याला परक्या कायद्याची ही वही का हवी होती? कारण सरळ आहे. घराण्याच्या पेढीत वडील गेले, भाऊ भांडले की धंद्याची वाटणी होई. शिवाय मुख्य चीनमध्ये अधिकाऱ्याची मर्जी फिरली तर मालमत्ता जप्त व्हायला वेळ लागत नसे. चिंग राजवटीने १९०४ मध्ये स्वतःचा कंपनी कायदा केला, पण तो चालवणाऱ्या कोर्टांवर व्यापाऱ्यांचा भरवसा नव्हता. हाँगकाँगच्या कागदामागे मात्र तिथले कोर्ट उभे होते.

हा कागद हाँगकाँगबाहेर फार दूर चालला, आणि इतिहासातला हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. शांघाय हे चीनचे शहर होते, पण तिथल्या ब्रिटिश माणसावर चिनी कायदा चालत नसे. १८६५ पासून तिथे ब्रिटिशांचे स्वतःचे वरिष्ठ कोर्ट होते. कंपनी नोंदवायला मात्र कायदा लागे, आणि तो जवळ होता हाँगकाँगमध्ये. मग शांघायमध्ये कचेरी, शांघायमध्ये गिरणी, शांघायमध्ये संचालक, आणि नोंद हाँगकाँगच्या ऑर्डिनन्सखाली, अशी पद्धत पडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत लंडनहून निघालेल्या राजाज्ञांनी तिला रीतसर रूप दिले आणि अशा कंपनीला ‘चायना कंपनी’ असे नावच मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर अट कडक झाली आणि संचालकांत ब्रिटिश प्रजाजनांचे बहुमत लागू लागले. विंग ऑनने १९१८ मध्ये शांघायच्या नानकिंग रोडवर मोठे दुकान उघडले तेव्हा त्याची नोंदही हाँगकाँगचीच होती. एका बेटावरच्या वहीत समुद्रापलीकडच्या शहराचा धंदा लिहिला जात होता.

मुंबईचे लोक या वहीत दुसऱ्या बाजूनेही दिसतात. दोराबजी नवरोजी मिठाईवाला हे पारशी गृहस्थ स्वयंपाकी म्हणून हाँगकाँगला आल्याचे सांगतात. त्यांनी बेकरी घातली, मग पाव आणि माणसे कौलूनला नेणाऱ्या बोटी काढल्या आणि १८८८ मध्ये त्यांची ‘कौलून फेरी कंपनी’ झाली. बोटींच्या नावांत ‘स्टार’ होता. दहा वर्षांनी धंदा पॉल चॅटर आणि इतरांकडे गेला आणि १८९८ साली ‘स्टार फेरी कंपनी लिमिटेड’ची नोंद झाली. मिठाईवाला गेले, पण बोटी चालू राहिल्या. आजही हार्बर ओलांडणारा प्रवासी त्याच नावाच्या बोटीत बसतो. चॅटर स्वतः कलकत्त्याचे आर्मेनियन आणि त्यांचे भागीदार होरमसजी मोदी मुंबईचे. मोदींच्या दीड लाख डॉलरांनी हाँगकाँग विद्यापीठाचा पाया घातला. कौलूनमध्ये मोदी रोड आहे.

१९४१ च्या नाताळाला हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडले आणि १९४५ च्या ऑगस्टपर्यंत धंद्याचे सगळे कागद निरर्थक झाले. त्यानंतरची लाट उलट्या दिशेने आली. १९४९ च्या आसपास शांघायचे गिरणीवाले यंत्रसामग्रीसह हाँगकाँगला उतरले. तांग पिंग-युआन यांनी १९४८ मध्ये त्सुएन वानला ‘साउथ सी टेक्स्टाइल’ उभी केली. १८६५ ला वही उघडली तेव्हा भांडवल मुंबईहून आणि लंडनहून येत होते. आता ते शांघायहून आले. वहीचे काम तेच राहिले: येणाऱ्याला गावचे नाव द्यायचे आणि त्याचा पत्ता लिहून घ्यायचा.

जाणारेही असतात. चीन आणि ब्रिटन यांच्यात हाँगकाँगच्या भविष्याबद्दल बोलणी चालू असताना, २८ मार्च १९८४ रोजी, जार्डिन मॅथेसनने आपली मूळ कंपनी बर्म्युडाला नेत असल्याचे जाहीर केले. जार्डिन म्हणजे हाँगकाँगच्या जन्मापासूनची पेढी. तिच्या कचेऱ्या, तिची माणसे, तिच्या इमारती जागच्या जागी होत्या, पण नाव वेगळ्या बेटाच्या वहीत गेले आणि गाव हादरले. शेअरबाजार कोसळला. १९९१ मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेनेही इंग्लंडमध्ये नोंदवलेली ‘एचएसबीसी होल्डिंग्ज’ ही वरची कंपनी केली आणि दोन वर्षांत मुख्य कचेरी लंडनला हलवली. वॉर्डली हाउसच्याच जागेवर नॉर्मन फॉस्टरने बांधलेली, १९८५ मध्ये पुरी झालेली पोलादी इमारत मात्र क्वीन्स रोड सेंट्रल, क्रमांक एक इथे उभी आहे.

सात सह्यांचे पुढे काय झाले? खाजगी कंपनीला दोन पुरू लागल्या. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, किंवा वकिलाच्या कचेरीतला एक कारकून आणि दुसरा कारकून. दुसरी सही बहुतेक वेळा नावापुरतीच असे. २००४ मध्ये हाँगकाँगने तीही सोडली आणि एक माणूस हाच भागधारक, हाच संचालक, असे मान्य झाले. सालोमनच्या घरच्यांना सह्या करायला लावण्याची गरज उरली नाही. २०११ पासून नोंदणी संगणकावर आली, आणि कंपनीची नोंद व धंद्याची नोंद, ज्यासाठी १९५९ चा वेगळा कायदा आहे, एकाच अर्जात होऊ लागली. कागद नीट असतील तर प्रमाणपत्र तासाभरात मिळते. ३ मार्च २०१४ ला, बँक उघडली त्याच तारखेला, नवा कंपनी कायदा अमलात आला. त्याने शेअरची दर्शनी किंमत रद्द केली आणि कंपनीचा शिक्का ऐच्छिक केला.

तरी शिक्का गेलेला नाही. हाँगकाँगच्या एजंटाकडे कंपनी काढली की तो एक हिरवी पेटी हातात देतो. तिला म्हणतातही ‘ग्रीन बॉक्स’. आत नियमावलीच्या प्रती, कोरी शेअर प्रमाणपत्रे, सभासदांची वही आणि इंग्रजी-चिनी नावाचा गोल शिक्का. काही एजंट तयार कंपन्या फळीवर ठेवतात. नाव नोंदलेले, धंदा शून्य. गिऱ्हाइकाला घाई असेल तर ती तयार कंपनी घेऊन जायची. कायदा आजही तीन गोष्टी मागतो: हाडामांसाचा निदान एक संचालक, तिथलाच एक सचिव आणि तिथलाच एक पत्ता. त्यामुळे एकेका मजल्यावर, एकेका दारावर शेकडो कंपन्यांचे पत्ते लागलेले असतात. सुमारे पंचाहत्तर लाख वस्तीच्या या शहरात जिवंत कंपन्या चौदा लाखांहून जास्त आहेत.

त्यांतल्या कित्येकांचा माल हाँगकाँगला शिवतही नाही. कर तिथे फक्त तिथे कमावलेल्या नफ्यावर लागतो, आणि २०१८ पासून पहिल्या वीस लाख डॉलरांच्या नफ्यावर सव्वाआठ टक्के, वर साडेसोळा. मुंबईच्या हिरेवाल्यांपासून शेनझेनच्या कारखानदारांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. यातला बहुतेक धंदा सरळ असतो. पण एका सहीची कंपनी पैसा लपवायलाही सोयीची असते, हे सरकारला उशिरा का होईना उमगले. १ मार्च २०१८ पासून शेअरबाजारात नसलेल्या प्रत्येक कंपनीला, तिच्यावर खरा ताबा कोणाचा, याची वेगळी वही ठेवावी लागते. कंपन्या काढून देणाऱ्या एजंटांनाही त्याच दिवसापासून परवाना लागतो. नोंद तासाभरात होते, पण बँक खाते उघडायला मात्र आठवडे जातात. १८६५ मध्ये बँकेला वहीची गरज होती. आता वहीतल्या नावाची खरी उलटतपासणी बँक करते.

ही नवी वही कंपनीच्या कपाटात राहते. सरकारी अधिकारी ती पाहू शकतात, सामान्य माणूस नाही. जुन्या उघड्या वहीचेही काही पडदे ओढले गेले. संचालकांचे राहते पत्ते आणि ओळखपत्राचे पूर्ण क्रमांक झाकायचा बेत २०१३ मध्ये सरकारने पत्रकारांच्या विरोधामुळे बाजूला ठेवला होता. २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळात तो तीन टप्प्यांत अमलात आला. माणसाचे घर कुतूहलापासून सुरक्षित राहावे, हे म्हणणे चुकीचे नाही. पण एकाच नावाची दहा माणसे असतात, आणि कोणती कंपनी कोणाची हे शोधणाऱ्याला तो क्रमांकच धागा होता. २०१३ च्या पत्रकारांचे बरोबर होते, असे मला वाटते.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एखाद्या व्यापाऱ्याला आज हाँगकाँगहून नवे गिऱ्हाईक आले तर तो आपल्या टेबलावरच तिथल्या कंपनी निबंधकांच्या संकेतस्थळावर नाव टाकतो. कंपनी कधी जन्मली, जिवंत आहे की पुसली गेली, हे लगेच दिसते. थोडे शुल्क भरले की अर्जाची प्रतही उघडते. त्यात संस्थापकांच्या रकान्यात बहुधा एकच नाव असते. त्याखाली पत्रव्यवहाराचा पत्ता, आणि ओळखपत्राच्या क्रमांकाचे पहिले काही आकडे.